कराळला वर काढायचं की नाही

२७ ऑक्टोबर २००२, बिरवाडी

आज आत्याबाई आल्या. माझी सासू. गुडघा दाखवायला महाडला आल्या होत्या, परतीची पोलादपूर गाडी चुकली म्हणून माझ्या खोलीवर. म्हटलं, आता परत नांदायला येण्याचा विषय काढणार. पिशवीतून नाचणीच्या भाकऱ्या काढल्या, सुकटीची चटणी काढली. विषय काढला नाही.

पाच वाजता शेवंताकाकूंकडे 'आकाशगड' बघायला गेलो. काकू घरमालकीण. टीव्ही त्यांचा, केबल त्यांची, म्हणून मतही त्यांचंच. आत्याबाई आमच्यामागून येऊन उंबऱ्याशी बसल्या. ज्योतीला (माझी खोलीतली सोबतीण, या मालिकेपायी अर्धी वेडी) नवा कान मिळाला. तिने सगळी मागची कथा सांगितली. तेजा देवदूत, गडाच्या दारावर पहारा करते. कराळ असुर. दोघं लढता लढता प्रेमात पडले. त्याने तिच्यासाठी आपली माणसं सोडली. मग गडावर हल्ला झाला, ती एकटी लढली, आणि हा आलाच नाही. का आला नाही ते अजून दाखवलेलं नाही. तिने त्याला विहिरीत कोंडलंय. तो खालून हाका मारतो, ती वळत नाही.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग त्याला जेवान कोन देतो?"

इतके महिने बघतोय, हा प्रश्न एकीलाही पडला नव्हता.

२८ ऑक्टोबर

कंपनीत पॅकिंगच्या टेबलावर सोमवारी दुसरा विषयच नसतो. ज्यो.चं म्हणणं, कराळला त्याच्याच लोकांनी बांधून ठेवलं होतं म्हणून तो आला नाही, शेवटी लग्न होणार. वजनकाट्यावरच्या सुरेखाताई म्हणतात, तो पहिल्या दिवसापासून हेर होता, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.

"तुझं काय गं सुमन? का नसेल आला?"

म्हटलं, झोपला असेल.

सगळ्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

द. झोपलाच होता ना. (नवऱ्याचं नाव कागदावर घ्यायलाही हात अडतो, द. पुरे.) तेव्हा आम्ही मुंबईत होतो. माझा सहावा महिना, आणि मी शेजारणीच्या आधाराने दवाखान्यात. हा मित्राच्या खोलीवर पिऊन आडवा. मूल गेलं. तो उगवला तेव्हा मी घरीसुद्धा परतले होते. पायाशी बसून रडला. मी ट्रंक भरून इकडे आले. दोन पावसाळे झाले त्याला.

१० नोव्हेंबर

आ.बा. परत हजर. गुडघा म्हणे. गुडघा बरोबर रविवारीच कसा दुखतो? त्यांच्या वाडीत, उमरठच्या वर, टीव्ही आहेत दोन, पण केबल नाही. हे काही बोलल्या नाहीत. पाच वाजायच्या आधीच उंबऱ्याशी जाऊन बसल्या.

आज तेजाने विहिरीच्या काठावर हात टेकला. एवढंच. काकू म्हणाल्या, "झालं, विरघळली. बायकांची जातच अशी." ज्यो. म्हणाली, विरघळू दे की! दोघींचं वाजलं.

मला तेजाचा राग आला. मग वाटलं, नुसता हात तर टेकला. दमली असेल बाई.

१७ नोव्हेंबर

आत्याबाईंचं भाकीत, जसंच्या तसं लिहून ठेवते.

"त्याला आत घ्याचा नाय, नि टाकायचा पन नाय. आपल्या देवीनं काय केलान? रानातला तो उपद्रवी होता, मान्सा घाबरवायचा, गुरा मारायचा. देवीनं मारलान काय त्याला? नाय. नि देवळात पन घेतलान नाय. येशीवर बशिवलान. हितं बस, राखन कर, वरसाचा तुझा मान तुला मिळंल. आजून बसलाय."

खरं आहे, बसलाय. शेंदूर लावलेला धोंडा. लग्न होऊन गेले तेव्हा मीही त्याच्यापुढे नारळ ठेवला होता.

काकूंना हे बिलकूल पटलं नाही. म्हणाल्या, देवदूत म्हणजे काय तुमची वाघजाई आहे का?

मला आतून चिडल्यासारखं झालं. वेशीवर बसवायचा म्हणजे काय? वर्षाला एक कोंबडा दिला की झालं का? आत्याबाई कुणाबद्दल बोलतात ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं का? पण नजर तर टीव्हीवरून हलली नव्हती त्यांची. माझ्याच मनात चोर असेल.

२४ नोव्हेंबर

मालिकेच्या शेवटी पाटी आली: तेजा आणि कराळ यांचं काय व्हावं? पोस्टकार्डावर कळवा. ज्यो.ने उद्या गठ्ठा आणायचं ठरवलंय. आ.बा. मला म्हणाल्या, माझा पन एक लिव. मी लिहिलं, 'वेशीवर बसवा.' खाली त्यांचं नाव, वाडी, पोस्ट, तालुका पोलादपूर. मुंबईत जो कोण हे वाचेल त्याला काय कळणार आहे?

"तुजा?"

म्हटलं, माझं नाही काही. त्यांनी अर्धं उरलेलं चहाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. त्यांना माया आली की असं करतात.

हे मान्य करायला हवं. मूल गेलं तेव्हा वाडीतून मुंबईला कोण आलं? त्याच आल्या. आयुष्यात मुंबई न बघितलेली बाई. मी ट्रंक भरत होते तेव्हा थांब म्हणाल्या नाहीत. साड्यांच्या घड्या घालून दिल्या.

८ डिसेंबर

आ.बा. आज फार खूश. गुरुवारी गावात देवदिवाळी झाली, तिथला प्रसाद आणला. मधेच स्वतःशी हसत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "काय नाय गो. बगशील तू. जमतंय त्यांचा." कुणाचं? तर तोंडाने टीव्हीकडे खूण केली.

आजच्या भागात तेजा दोरी वळत बसलेली. ज्यो. आनंदाने उड्या मारायची बाकी.

१३ डिसेंबर

पहिली पाळी संपवून बाहेर पडले तर कंपनीच्या गेटासमोर द.

हातात पिशवी. वाळलाय. केस बारीक कापलेले. मला आधी ओळखच पटली नाही. ज्यो.ने माझा दंड धरला.

म्हणाला, "गावाकडून फोन आला. देवीनं उजवा दिला."

काय उजवा?

"कौल. आईनं लावला ना देवदिवाळीला. आपल्यासाठी. सगळा गाव व्हता."

मी तडक रिक्षा धरली. वळूनही न बघता. रागाने. गुरवाने देवीच्या दोन खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, उजवी आधी खाली आली की होकार, आणि मी ट्रंक उचलून परत नांदायला! माझं मूल, माझा दवाखाना, सगळं गावापुढे मांडलं असेल गाऱ्हाण्यात. आणि इथे येऊन म्हातारी प्रसाद देऊन गेली, हसत.

द. गाववाल्यांच्या खोलीवर उतरलाय. बिरवाडीतच.

१५ डिसेंबर

आत्याबाई आल्या आल्या मी सुरू केलं. चहा नाही, पाणी नाही. मला विचारल्याशिवाय माझा कौल लावलात कसा? देवीला मी काय तोंड दाखवू, गावाला काय दाखवू? पुष्कळ बोलले. पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला.

त्या बघतच राहिल्या.

"तुजा नाय गो! त्या तेजाचा!"

ज्यो. कॉटवर बसली होती ती तशीच आडवी झाली, हसून हसून डोळ्यांतून पाणी. मला हसूही येईना, रडूही.

झालं ते असं. देवदिवाळीला जो तो आपला प्रश्न देवीला विचारतो. आत्याबाईंना विचारायचं होतं, या दोघांचं जमणार का. पण गुरवाला टीव्हीतलं सांगायची लाज वाटली. म्हणून नाव न घेता सांगितलं: एक चांगली बाय हाय, एकटीच राखन करते, एक बाप्या हाय, चुकला, ऐन टायमाला आला नाय, त्यांचा परत जमंल काय? गुरवाने मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. सगळ्या गावाने माना डोलावल्या. नाव सांगायची गरजच कुणाला? कळी पडली उजवी. त्याच संध्याकाळी पोलादपूरहून कुणीतरी मुंबईला फोन लावला.

"आता काय करायचं?" मी म्हटलं. "गाव म्हणणार, देवीचा शब्द मोडला हिने."

मालिका सुरू झाली तरी त्या उंबऱ्याशी गेल्या नाहीत. आज काय दाखवलं ते आम्हां तिघींपैकी कुणीच बघितलं नाही.

जाताना म्हणाल्या, "मी बोलंन गावात." म्हटलं नको, हसतील तुम्हाला. गाडीत चढल्या.

२२ डिसेंबर

बोलल्या.

गावकीच्या बैठकीत, पुरुषांसमोर उभं राहून. कौल सुनेचा नव्हता, टीव्हीतल्या बाईचा होता. गुरव चवताळला, देवीला नाटकातला विचारतेस? बाकीचे आधी बघत राहिले, मग हसले. चूक झाली म्हणून देवीला नारळ द्यायला लावला. बैठकीतली कथा ऐकून आता वाडीतली पोरं त्यांना बघून कराळसारख्या हाका मारतात म्हणे.

"हसले. हसू दे. कौल देवीचा, पर नांदायचा तुला हाय."

एवढं बोलून बोटांनी भाकरी मोडत बसल्या. नेहमी ताठ बसणारी बाई, आज खांदे उतरलेले. मला रडू आवरलं नाही. माझ्या सख्ख्या आईने हे केलं असतं का, माहीत नाही.

मग विचारलंच मी. आत्याबाई, खरं सांगा. तेजासाठीच लावला होतात ना?

त्यांनी मोडलेली भाकरी ताटात सारखी केली.

"इचारला तेजासाठीच. पन कळी पडत व्हती तवा डोल्यांम्होरं कोन व्हता, ता इचारू नको."

नाही विचारलं.

२९ डिसेंबर

द. मुंबईला परत गेला नाही. कौल आपला नव्हता हे कळूनही. ठेकेदाराकडे माल चढवायच्या कामाला लागलाय. काकूंचं हेरखातं जोरात: संध्याकाळी सरळ खोलीवर येतो, कुठे जात नाही, बाजूच्या नळावर स्वतःचे कपडे धुतो. सुरेखाताई म्हणाल्या, शेपूट. ज्यो. म्हणाली, माणूस बदलतो हो. दोघी मालिकेबद्दल बोलत होत्या की माझ्याबद्दल, आता फरकच राहिला नाही. गेले काही दिवस सगळ्या कंपनीला माझ्या शेवटाबद्दल मत आहे. पोस्टकार्डं तेवढी यायची बाकी.

आज तेजा दोरी घेऊन विहिरीपाशी गेली. खाली सोडली नाही. धरून उभी.

मी तिच्या जागी काय केलं असतं? ती बिचारी निदान अमर आहे. मला चौतिसावं लागेल.

५ जानेवारी २००३

पाच वाजता टीव्ही लावला तर एक बाई कोथिंबीरवडी करतेय.

'आकाशगड' बंद. पाटी नाही, खुलासा नाही, काही नाही. काकूंनी केबलवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, मावशी, चॅनलनेच बंद केली, बघत नव्हतं कुणी.

बघत नव्हतं कुणी! ज्यो. हमसून रडली. मी तिला हसायला गेले आणि मलाही हसता येईना. तो का आला नव्हता, तेसुद्धा कधीच कळणार नाही आता.

"मंग ती दोरी?" आत्याबाई.

"हातातच राहिली."

"आसा कसा बंद करतात? कुनाला इचारल्याबिगर?" वडीवाल्या बाईकडे शेवटपर्यंत रागाने बघत होत्या. वड्या जाड थापल्या म्हणाल्या.

१२ जानेवारी

मालिका नाही तरी आ.बा. आल्या. गुडघ्याचं नावही काढलं नाही. दोघी पावटे सोलत बसलो.

उन्हं उतरल्यावर द. दाराशी आला. आईला एसटीवर सोडायला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. आत्याबाई चपला शोधायच्या निमित्ताने मोरीकडे गेल्या. चपला दारातच होत्या.

तो म्हणाला, "एक सांगायचंय. मी झोपलो नव्हतो."

मला कळलंच नाही आधी.

"निरोप मिळाला व्हता मला. शेजारणीनं माणूस धाडला व्हता. दवाखान्यापर्यंत आलो. आत याची हिंमत नाय झाली. पलीकडं हॉटेलात बसून राहिलो. प्यालो ता नंतर."

इतके दिवस मी त्याला झोपलेला धरून चालले होते. झोपलेल्या माणसाचा राग करणं सोपं होतं. हा तर जागा होता. रस्त्याच्या पलीकडे. हे जास्त वाईट की कमी, मला अजून ठरवता येत नाहीये. कुणी विचारलं नसताना त्याने हे का सांगितलं? लपवलं असतं तर मला कधी कळलं असतं?

नजर खाली होती त्याची. म्हणाला, "देवीचं जाऊ दे. तुला इचारतो. मी येऊ काय?"

लग्नाच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. मुंबईला नेताना नाही. आजवर याने मला 'काय आणू' यापलीकडे काही विचारलेलं मला आठवत नाही.

मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं. ठरलेलंच होतं ते, दोन पावसाळ्यांपासून. आणि बाहेर आलं, "आज नको."

तो "बरं" म्हणाला. आत्याबाई आल्या, पिशवी त्याच्या हातात दिली, माझ्याकडे बघितलं नाही. दोघं एसटीकडे गेली. तो आईच्या गुडघ्याच्या चालीने चालत होता.

मघापासून पावटे तसेच पडलेत. ज्यो. दोनदा विचारून गेली, काय म्हणालीस त्याला. 'आज' हा शब्द मीच म्हटलाय. कुणी म्हणायला लावला नव्हता.