सातवी शिफारस

३ जून, सोमवार
आलो एकदाच्या नव्या घरी. सामान लागलं, ताईची खाट खिडकीशी लावली. वाचनालय पाच मिनिटांवर, म्हणजे दुपारी येऊन तिला भरवता येईल. ताई म्हणाली, खिडकीतून रस्ता दिसतो, आता तुझी काही गरज नाही. अंथरूण धरल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने माझी फिरकी घेतली. मी हसले. मला बरं वाटलं असावं.

काम मजेचं आहे. सिनेमांच्या डीव्हीडीचा विभाग माझ्याकडे. दर आठवड्याला सात सिनेमे निवडून दारासमोरच्या फळीवर मांडायचे आणि प्रत्येकाला आपल्या हातानं चिठ्ठी लावायची, हा का बघावा. परत करताना माणसं चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहितात, कसा वाटला ते. मुख्य बाईंचा नियम एकच: स्वतः पाहिल्याशिवाय शिफारस करायची नाही.

५ जून, बुधवार
एक विनोदी, एक कोर्टातला, एक समुद्रातल्या माशांवरचा, एक मूकपट, एक लहान मुलांचा, एक रडका. प्रत्येकाला काहीतरी मिळावं. सहा झाले आणि माझं डोकंच चालेना. खणाच्या तळाशी नाव नसलेली पांढरी डबी सापडली, आत तबकडी. बघायला वेळ कुठला, ताईच्या औषधाची वेळ झाली होती. चिठ्ठीवर दिलं ठोकून: ‘दोन बहिणींच्या घरातली शांत गोष्ट. शेवट चुकवू नका.’ कुणाला कळणार आहे.

१० जून, सोमवार
मूकपटाला कुणी हात लावला नाही. सातवा मात्र पहिल्याच दिवशी बेकरीवाल्याने नेला. मागे लिहिलंय: ‘छान. थोरली खाटेवर, धाकटी कामावर जाते. खाट खिडकीशी आहे.’ म्हणजे माझा नेम बरोबर बसला. हसूच आलं.

१३ जून, गुरुवार
शिंपीणबाईंनी आणून दिला. ‘धाकटी हिरव्या बादलीतून पाणी आणून थोरलीला पुसते. एकदाही वर तिच्याकडे बघत नाही. वाईट वाटलं.’
आमची बादली हिरवीच आहे. बादल्या हिरव्या असतातच.

१५ जून, शनिवार
निवृत्त मास्तर डबी माझ्या हातात देईनात. हळूच विचारलं, घरी थोरल्या बहिणीची तब्येत कशी आहे. ताईबद्दल वाचनालयात मी कुणाशीच बोललेले नाही. त्यांनी लिहिलंय: ‘उशी निळ्या दोऱ्यानं शिवलेली. पुढचं बघवलं नाही, बंद केला.’
आमच्या उशीला शिवण नाही. म्हणजे हा आमच्यावरचा नाही.

१६ जून, रविवार
उशी उसवली. घरात फक्त निळा दोरा होता. दातानं तोडताना आठवलं.

१७ जून, सोमवार
बाईंना म्हटलं, हा फळीवरून काढूया. त्यांनी विचारलं, तुम्ही पाहिलाय ना. मी हो म्हणाले. मग काय अडचण आहे, म्हणाल्या. पाहिला नाही हे कबूल करायची हिंमत झाली नाही. शेवटी माझ्याच नावावर घरी आणला, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. मोडून टाकणार होते. कपाटावर ठेवून दिला.
भीती वाटायला हवी होती. ताईला पुसताना हल्ली मला काहीच वाटत नाही, तसंच हेही.

१८ जून, मंगळवार
दुपारी गेले तर टीव्ही चालू. ताईने शेजारीणबाईंना सांगून कपाटावरचा तो सिनेमा लावून घेतला. त्या लावून गेल्या, ताईने एकटीने शेवटपर्यंत पाहिला. काय आहे विचारलं, तर म्हणाली, लिहून देते. चिठ्ठी आणि पेन मागितलं. जेवली नाही. उशी काढून पायाशी ठेव म्हणाली.

१९ जून, बुधवार
ताईचं वाकडं अक्षर: ‘शेवटाला फार वेळ लागतो. धाकटी थकली होती गं. माझा राग नाही.’
नको. माझी ताई आहे ती. उद्या तिला शेजारीणबाईंकडे ठेवायचं. सगळं सांगायचं. मला वेडी म्हणोत.

२० जून, गुरुवार, दुपार
शेजारी कुलूप. परवा येणार म्हणे.
बादली भरलेली आहे. मी भरली असणार —
उशी पायाशी होती. आता माझ्या मांडीवर आहे. कधी घेतली — दोरा निळा — काही वाटत नाहीये, काहीच —
ताई जागी आहे. म्हणतेय, एकदा वर बघ.
धाकटी शेवटी तरी वर बघते का, ते कुणी लिहिलंच नाही. ताईनेही नाही. मी जर आत्ता वर बघितलं, तर