कर्नल गेले, आता ट्रेलर कोण ओढणार

ती. डोरीनताईस,

डेल्बर्टचा वाकून नमस्कार. (वाकणं हल्ली कागदावरच जमतं, म्हणून इथे हात आखडत नाही.) तुझा डावा गुडघा कसा आहे? एव्हाना उजव्यानेही त्याच्या सुरात सूर मिसळला असेल. शेजारची ती बाई अजून आपल्या दारातलं बर्फ तुझ्या दारात लोटते का? चर्चच्या छपराचं भांडण मिटलं का? भावजी गेल्यापासून तू एकटी एवढ्या घरात दिवसभर काय करत असशील, असं तुझी भावजय आयव्ही सारखं विचारते. मी सांगतो, केर काढत असेल. तुमच्याकडे नेब्रास्कात या दिवसांत कमरेइतकं बर्फ असेल आणि मी इकडे अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात नुसत्या बनियनवर बसून हे लिहितो आहे. हे वाचून तुला माझा हेवा वाटावा अशी माझी फार इच्छा आहे, पण घाई करू नकोस, आधी पुढचं वाच.

आमचे कर्नल गेले. तू त्यांना ओळखत नाहीस, आणि आम्हीही ओळखत नव्हतो हे त्यांच्या जाण्यानंतर कळलं. कर्नल म्हणजे शेजारच्या पांढऱ्या व्हॅनमधले म्हातारबुवा. इथे शेजार म्हणजे तरी काय, सगळेच चाकांवरचे. आजचा शेजारी उन्हाळ्यात मोन्टानात कुठल्यातरी जंगलातल्या पर्यटकांच्या तळावर पोटासाठी संडास धूत असतो. पण हिवाळा आला की आमची ही सगळी घरं वाळवंटात परत येतात, आणि कितीतरी हिवाळे कर्नलांची व्हॅन आमच्या ट्रेलरच्या डाव्या अंगाला उभी राहिली. सकाळी उजाडताच ते तव्यावर चमचा बडवून कॉफी झाल्याचं जाहीर करत. कॉफी इतकी कडू असे की आयव्ही ती निवडुंगाला घालायची. त्यांच्याकडे एक तपकिरी कोंबडीही होती. ती पुढच्या सीटवर बसून प्रवास करी आणि वळणावर झुकायला शिकली होती.

आता या दुःखात माझा स्वार्थ कसा मिसळलेला आहे ते सांगतो, म्हणजे तू मला उगाच हळवा समजणार नाहीस. शरदात आम्ही नेहमीप्रमाणे नॉर्थ डकोटाला बीटाच्या हंगामावर गेलो होतो. (तू लोणचं घालतेस ते बीट नव्हे. हे साखरेचं, माणसाच्या डोक्याएवढं, आणि दिवसभर यंत्राच्या पट्ट्यावरून आपल्याच अंगावर येत राहतं.) तिथून येताना यूटातल्या एका चढावर आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला. मेकॅनिकने बोनेट उघडलं, आत पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि बोनेट हळूच लावलं. मी काय ते समजलो. आमच्याबरोबरच परतणारे कर्नल बरेच पुढे गेले होते, ते उलटे फिरून आले, आमचा ट्रेलर आपल्या व्हॅनला जोडला आणि इथवर ओढत आणला. वाटेत एकदाही त्यांनी उपकाराची भाषा केली नाही. फक्त कोंबडीला मागे बसावं लागल्यामुळे ती आयव्हीकडे रोखून पाहत होती तेवढंच.

इथली जमीन सरकारी, राहायला फुकट, पण दोन आठवडे झाले की मुक्काम हलवून चांगलं लांब जायचं अशी अट. म्हणजे ज्यांना कुठेही जायचं नाही त्यांनीही जात राहायचं. बिनगाडीचा ट्रेलर म्हणजे काय हे तुला कळायचं नाही, कारण तुझं घर हलत नाही म्हणून तुला कुणी दंड करत नाही. तेव्हापासून दर वेळी कर्नलच आम्हाला हलवत होते.

त्या दिवशीही हलायचं होतं. सकाळी तवा वाजला नाही. मला वाटलं, आदल्या दिवशी पत्त्यांत मी त्यांना हरवलं त्याचा राग आहे. (हरवलं होतं, आणि दोनदा मोठ्याने तसं म्हणूनही दाखवलं होतं.) मी गेलो, दार ठोठावलं, उत्तर नाही. मग मी बंद दाराशी बोलायला सुरुवात केली. ताई, मी त्या माणसाला काय काय बोललो! म्हटलं, कर्नल, या वयात रुसणं शोभतं का? म्हटलं, शब्द दिलात तर पाळा, नाहीतर सरळ सांगा, मी दुसरा माणूस बघतो. म्हटलं, तुमच्यापेक्षा तुमच्या कोंबडीला जास्त समज आहे. कोंबडी आतून ओरडली, तेव्हा मला वाटलं कर्नलांनी तिला उत्तर द्यायला बसवलं आहे, आणि मी आणखीच चढलो. शेवटी आयव्ही आली. तिने मला बाजूला केलं आणि दार उघडलं. कर्नल पलंगाच्या कडेला बसले होते, भिंतीला टेकून. एक बूट पायात, दुसरा हातात. माझ्याकडे यायलाच निघाले होते गं.

आयव्हीने त्यांच्या हातातला बूट काढून घेतला आणि पायात घातला. नाडीसुद्धा बांधली. मी तिला म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, "अर्धवट राहायला नको."

शेरीफचा माणूस आला. वयाने कोवळा, वागायला सभ्य. वही उघडून त्याने विचारलं, यांचं नाव काय? आम्ही दहाबाराजण गोल करून उभे, सगळे एकदम म्हणालो, कर्नल. तो म्हणाला, नाव विचारलं, हुद्दा नाही. आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. ज्या माणसाच्या पाठीच्या दुखण्याची जागासुद्धा आम्हाला तोंडपाठ होती, त्याचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं! शेवटी त्याने पाकिटातला गाडीचा परवाना काढला आणि वाचलं: लायल मॅरियन पेटीबोन. कुणाचाच विश्वास बसेना. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली आणि आता तसल्याच एका जुन्या बसमध्ये राहणारी विनोना आमच्यात आहे, अंगाने आणि आवाजाने भरभक्कम. ती म्हणाली, "छे, छे, पाकीट दुसऱ्या कुणाचं असणार." मग त्या पोराने दुसरा प्रश्न विचारला. कळवायचं कुणाला? यावर तर कुणी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे जमिनीकडे बघत उभे.

त्यानेच शोध घेतला. दोन दिवसांनी येऊन सांगितलं की ऑरेगनला एक मुलगी आहे, तिच्याशी बोलणं झालं. काय म्हणाली ती? तर म्हणे, तिथे तुमची जी पद्धत असेल तसं करा. सैन्याचीही चौकशी केली म्हणे, पण लायल पेटीबोन तिथे कधी नव्हतेच. आयडाहोत त्यांचं न्हाव्याचं दुकान होतं. आता कळलं की ते बोलताना आमच्या तोंडाकडे न बघता कानामागे का बघायचे.

तर आमची पद्धत आम्ही तिथल्या तिथे पाडली. शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी आपापली खुर्ची आणि एकेक पदार्थ घेऊन यायचं ठरलं. काय आणायचं ते मात्र ठरलं नाही, त्यामुळे राजम्याच्या नऊ पातेल्यांभोवती आम्ही कर्नलांना निरोप दिला. प्रत्येकाने उठून एक आठवण सांगायची होती. विनोना म्हणाली, कर्नल कोरियात लढले. टेक्ससचा लंबूटांग हब म्हणून एकजण आहे, तो म्हणाला, कोरियात नव्हे, ते तर जहाजावर आचारी होते. माझ्यापाशी ते कधीतरी म्हणाले होते की त्यांचं सगळं आयुष्य घोड्यांत गेलं. थोड्या वेळाने तर आठवणींवरून अशी वादावादी जुंपली की हब पातेल्यावर पातेलं आपटायला लागला. आयव्ही उभी राहिली तेव्हा हबनेही पातेलं खाली ठेवलं. ती म्हणाली, "गेल्या वर्षी मला ताप होता. त्यांनी माझे केस धुऊन दिले, आणि कापलेही. फार छान कापले. मी विचारलं, कुठे शिकलात? तर लाजले." एवढंच बोलून ती बसली. मला हे ठाऊकच नव्हतं, ताई. मी तेव्हा काय करत होतो कोण जाणे.

मग विनोनाने फर्मान काढलं की हे पुन्हा व्हायला नको. प्रत्येकाने इथल्या इथे, सगळ्यांच्या देखत, आपलं खरं नाव आणि कळवायचं कुणाला ते सांगायचं. मग हब म्हणाला, "माझ्या पहिल्या बायकोला कळवा. तिला फार आनंद होईल." दुसरी एक बाई म्हणाली, दातांच्या डॉक्टरला, कारण तोच एक मला तारीख देऊन बोलावतो. हसता हसता माझी पाळी आली. मी तुझं नाव सांगितलं.

कर्नलांची व्हॅन सरकारी गाडी येऊन घेऊन गेली. कोंबडी आमच्या न्हाणीघरात आहे. त्यामुळे आमच्या आंघोळी सध्या तिच्या मर्जीवर चालतात.

आमची मुदत तर कधीच उलटून गेली होती. त्या जमिनीवर देखरेख ठेवणारा सरकारी रेंजर दोनदा येऊन गेला. दुःखाचं घर म्हणून दोन्ही वेळा नुसता हात हलवून गेला, पण तिसऱ्यांदा खाली उतरला. तेव्हा विनोना म्हणाली, माझ्या बसला जोडा, मी ओढते. आता विनोना ही जन्मभर मुलं ने-आण केलेली बाई. मागे काही बांधलेलं आहे हे ती दर वळणाला विसरते. निम्म्या वाटेत आमच्या ट्रेलरचा कापडी मांडव आपोआप उघडला आणि वाऱ्याने भरला. मागून पाहणाऱ्यांना वाटलं असेल, गलबत चाललंय. मी बसच्या मागच्या बाकावरून ओरडत होतो, थांब! विनोना आरशातून म्हणत होती, "मागे बसणाऱ्यांनी शांत बसा!" मांडव शेवटी फाटून एका निवडुंगाला गुंडाळला गेला आणि अजून तिथेच आहे. कपबशांमधली एकच बशी वाचली. ती कर्नलांची होती, आमच्याकडे परत द्यायची राहिलेली.

नवी जागा मिळाली ती उतारावर. सपाट जागा सगळ्या आधीच्यांनी धरलेल्या. चाकांखाली दगड घातले, फळ्या घातल्या, तरी ट्रेलर कललेलाच. आम्ही दोघं झोपेत गडगडत भिंतीशी येतो, आधी मी आणि माझ्यावर आयव्ही. परवा जेवताना तिच्या ताटलीतला वाटाणा निघाला तो टेबलावरून, जमिनीवरून, थेट दारापर्यंत गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "डेल, मला सरळ जमीन हवी." मी म्हटलं, आणखी दोन फळ्या घालतो.

पण तू काळजी करू नकोस, आमचे बेत पक्के आहेत. वसंतापर्यंत एक जुना पिकअप बघायचा. उन्हाळ्यात अलास्का! तिथे नदीकाठच्या तळावर राखणदार म्हणून जोडपं हवं आहे, सॅमन मासेही फुकट. शरदात पुन्हा बीट. पुढल्या हिवाळ्यात हबबरोबर मेक्सिकोच्या किनाऱ्याला जायचं ठरतंय. चार भिंतींत बसून खिडकीतून तीच ती शेजारीण बघत म्हातारं होणं माझ्याच्याने व्हायचं नाही, हे मी आमचं घर विकलं तेव्हाच तुला सांगितलं होतं आणि आजही सांगतो. माणसाने चालतं राहावं. (सध्या ओढलं जात राहावं, एवढाच फरक.)

तब्येतीला जप. बर्फात पायऱ्या उतरू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
डेल्बर्ट

ता. क. मी तुझं नाव तुला न विचारता सांगितलं याचा राग मानू नकोस. अ‍ॅरिझोनाच्या अनोळखी नंबरावरून फोन आला तर उचल. विमा विकणारा समजून ठेवून देऊ नकोस. निदान पहिलं वाक्य ऐक.

आणखी एक. फोन आलाच आणि तो माझ्याबद्दल असला, तर आयव्हीला तुझ्याकडे घेऊन जा. ती नको म्हणेल, तिचं ऐकू नकोस. हे तिला ठाऊक नाही. तिला पत्र वाचू न देता पाकीट चिकटवतो आहे.

डोरीनताईंना आयव्हीचा नमस्कार. पाकीट वाफेवर उघडलं. गेली चाळीस वर्षं यांची पत्रं मी अशीच वाचते, त्याशिवाय यांच्या मनातलं कळायचं कसं? अलास्काचा बेत आमच्याकडे दर वर्षी होतो, तो मनावर घेऊ नका. हे आता थकले आहेत, ताई. त्या सकाळपासून रोज उजाडताच उठून बसतात आणि कान देऊन ऐकत राहतात. मला इथून न्यायचं आहे यांना, आणि मीही येईन. पण मी विचारलं असं कळलं तर हे हलायचे नाहीत, आणि तुम्ही दया दाखवलीत तर मुळीच नाहीत. तेव्हा तुमच्या घरात काहीतरी मोडलंय, दुरुस्तीला माणूस मिळत नाही, असं कळवा. हे त्याच दिवशी निघतील. विनोना आम्हाला बसस्टँडवर सोडायला तयार आहे. काय मोडलंय ते तुम्हीच ठरवा, आणि लवकर संपणारं नसलं तर बरं. फक्त छप्पर सांगू नका. शिडीवर मी आता यांना चढू देत नाही.