गिटारीच्या पोटातला खडखडाट

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं टेकवणार होतो, पण गिटारीच्या पट्ट्यानं डावा खांदा धरलाय, तेव्हा सध्या सात अंगांवर भागवून घ्या, आठवं भेटीत टेकवीन.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का, की अजूनही तुम्ही बोलायला तोंड उघडलंत की नेमका तेव्हाच येतो? माझी तब्येत उत्तम आहे. जेवण तेवढं थोडे दिवस पातळ चाललंय. खरं तर फोनच करणार होतो, पण सध्या फोनवर बोलणं मला जरा गैरसोयीचं आहे, म्हणून हा कागदाचा खटाटोप. शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा. शाळेनं आणि मी एकमेकांना वेळेवर सोडलं आणि त्यात दोघांचंही भलं झालं, हे तुम्हीच म्हणाला होतात.

तुमचा निरोप आईनं पोचवला. तुमच्या मित्राचं नवं हॉटेल निघतंय, त्याला गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगायला एक जुनी गिटार पाहिजे, आणि ‘ते पोरगं नुसतं गावोगाव हिंडतंय, एक काम धड धरत नाही, त्याच्याकडे राहून तिचं भंगार होण्यापेक्षा भिंतीला तरी शोभेल’ असं तुम्ही म्हणालात. हिंडण्याबद्दल मान्य. काम धरण्याबद्दलही मान्य, फक्त मी काम धरतो, काम मला धरत नाही, एवढी दुरुस्ती करावी. पण मामा, जिला तुम्ही तरुणपणी मांडीवरून खाली ठेवत नव्हता, तिला खिळ्याला टांगायचं? खाली लोक सूप भुरकणार आणि ही वरून मुकाट बघणार? म्हणून ठरवलं की तुम्हाला सगळी हकीकत जशीच्या तशी कळवावी. गिटार माझ्याकडे सुखात आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणालात तर महिनाअखेर घेऊन येतो. (म्हणू नका.)

तर सध्या मी एका लाँड्रीत आहे. धक्क्यावरच्या बोटींचं काम सुटलं. ते का सुटलं ही फार लांबडी कहाणी आहे आणि तिच्यात एक बदक आहे, तेव्हा राहू दे. लाँड्रीचं बरं आहे. खाली धुलाईची यंत्रं, मागे ती भली मोठी वाफेची इस्त्री, जी झाकण मिटलं की म्हातारा सासरा खुर्चीत बसताना सोडतो तसा सुस्कारा सोडते, आणि बरोबर तिच्या डोक्यावर माझी खोली. फरशी कायम कोमट. बूट न घालता हिवाळा निघेल. मालकीणबाई बोलतात कमी आणि बघतात जास्त. कपड्याची एक गुंडी इकडची तिकडे झालेली त्यांना चालत नाही, पण त्यांची एक रीत मला फार आवडली. धुण्यात जोडीदार हरवलेला मोजा त्या कधी टाकत नाहीत. काउंटरखाली एक वेताची टोपली आहे, तिच्यात असे सगळे एकटे मोजे जपून ठेवतात. ‘आज ना उद्या कुणीतरी विचारत येतंच,’ म्हणतात. मला नोकरीवर ठेवतानाही त्या असंच काहीतरी पुटपुटल्या होत्या. ही टोपली लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

आता गिटार. लोकांना वाटतं, विजेची गिटार म्हणजे वायर काढली की मुकी. मलाही वाटायचं. पण आपली बाई अर्धी पोकळ. मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी, आणि वर वेलांटीसारख्या दोन खाचा. म्हणजे थेट आपल्या घराण्यासारखी: मधे ठाम, कडेला पोकळ. वीज नसली तरी ती कुजबुजतेच, आणि कुजबुज आरोळीपेक्षा लांब जाते हे तुम्हाला मामींच्या माहेरच्यांमुळे ठाऊक असेल. शेजारच्या घड्याळवाल्यानं तर तक्रार केली की तुझ्या गिटारीनं माझी घड्याळं पुढे जातात. मी म्हटलं, मग हळू वाजवतो. तर म्हणे, मग मागे पडतील, वाजवूच नकोस. तिचा रंग अजून तसाच आहे, कडेला जळक्या साखरेसारखा आणि मधे मधासारखा. मी तिला लाँड्रीतल्या सर्वांत मऊ फडक्यानं पुसतो. (ते फडकं एका गिऱ्हाइकाचं आहे, पण त्यालाही ते फडकंच वाटतं.)

एकच खोट, ती तुमच्याकडूनच आली आहे: तो खडखडाट. गिटार हलवली की पोटात काहीतरी घरंगळतं. देताना मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? तुम्ही घाईघाईनं म्हणालात, ‘असेल एखादा स्क्रू. तिला उलटीबिलटी करत बसू नकोस, जुनं लाकूड आहे.’ आणि लगेच विषय तुमच्या चोरावर नेलात. (चोराची गोष्ट मला तोंडपाठ आहे. अंधारा जिना, तुम्ही एकटे, त्याच्या हातात लोखंडी कांब. तुमचा समोरचा दात पडला, पण त्याची कॉलर काही तुम्ही सोडली नाहीत. आई मला हीच गोष्ट सांगून जेवायला घालायची. चोर आला की घास, कांब उगारली की घास, दात पडला की ताट रिकामं. माझ्या अंगावर जे काही मूठभर मांस आहे ते तुमच्या शौर्याचं आहे.) म्हणून मीही स्क्रू म्हणून सोडून दिलं.

इथं आम्ही तिघं मिळून वाजवतो. ड्रमवर एक गृहस्थ आहेत, मोटार ड्रायव्हिंग शिकवतात, त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणतात. आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांचा उजवा पाय असा तयार झालाय की समोर काही धोका दिसला की आपोआप खाली आपटतो. मोठ्या ड्रमचं पेडल नेमकं त्याच पायाखाली असल्यामुळे हॉलमध्ये कुणी कडेच्या खुर्चीवरून घसरायला लागलं तरी आमच्या गाण्यात एक ठोका जास्त पडतो. गायला मालकीणबाईंची पुतणी, दवाखान्यात नर्स आहे. गाते छान, पण मधेच माझा हात धरून नाडी बघते.

तालीम ब्रेकमास्तरांच्या गॅरेजमध्ये. पहिल्याच दिवशी ॲम्प लावला, आवाज जरा चढवला, आणि मामा, गिटार हंबरली. तारांना हात नाही लावलेला! ॲम्पचा आवाज तिच्या पोकळ पोटात शिरतो, घुमतो, दुप्पट होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. माझी आई आणि मामी एका खोलीत असल्यावर जसं होतं, तसंच. मी पाठ फिरवली की गप्प, तोंड फिरवलं की सुरू. तासभर मी सूर्यफुलासारखा गोल फिरत वाजवलं. शेवटी ब्रेकमास्तर वैतागून म्हणाले, “अरे बाबा, भुकेनं ओरडतीय ती. पोटात काहीतरी कोंब की!”

आणि मला टोपली आठवली.

मोजे त्या खाचांमधून इतके सुरेख आत जातात, की वाटावं खाचा त्यासाठीच पाडल्यात. पेन्सिलीनं ढकलले. सुती, लोकरी, एक लहान बाळाचा, एक कुणा फुटबॉलवाल्याचा. सगळ्यांत शेवटी इस्त्रीयंत्राच्या मागून झाडताना निघालेला एक जाडजूड मरून मोजा, पिवळ्या पट्ट्यांचा. त्यानं तोंड बंद केलं. हंबरणं थांबलं, वर खडखडाटही थांबला. आवाज असा काही गोल निघायला लागला की नर्सबाई नाडी बघायची विसरली. मी म्हटलं, एकटे पडलेले जीव कुठेतरी उपयोगी पडले.

आता हे मला ठाऊक असतं तर बरं झालं असतं, की एक रिटायर्ड जज्जसाहेब दर आठवड्याला दुकानात येऊन ज्या मोज्यासाठी मालकीणबाईंना उभ्या-उभ्या फैलावर घेत होते, तो मरून होता. मी तेव्हा नेमका मागे वाफेत असायचो. मालकीणबाईंनी त्यांना टोपली उपसून दाखवली, तर टोपलीच निम्मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त.

मग आमचा कार्यक्रम ठरला, पोहण्याच्या क्लबाच्या वार्षिक समारंभात. तलावाला लागूनच हॉल, हवेत औषधाचा वास, आणि अध्यक्ष म्हणून पहिल्या रांगेत, हो, तेच. दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला मी जरा जोरात आलो, तसा तो मोजा बाहेर डोकवायला लागला. आधी पिवळा पट्टा. मग टाच. मी वाजवता वाजवता कोपरानं आत सारतोय, तो बाहेर येतोय. जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. उठले. स्टेजच्या पायऱ्या चढून आले आणि सगळ्यांसमक्ष त्यांनी तो खेचला. त्याच्या पाठोपाठ, गुंतलेला, फुटबॉलवाल्याचा. मग लोकरी. मग बाळाचा. ते ओढताहेत, मी वाजवतोय, आणि मोजे येतच आहेत! लोकांना वाटलं बसवलेला प्रयोग आहे. टाळ्या, शिट्ट्या. पोट रिकामं झालं तशी गिटार पुन्हा हंबरली, तर लोक उभे राहिले. जज्जसाहेब आधी लाल झाले होते, पण टाळ्यांचा रोख आपल्याकडेही आहे म्हटल्यावर त्यांनी मोजा वर धरून वाकून नमस्कार केला. मालकीणबाई मागच्या रांगेत होत्या. मामा, त्या हसत होत्या. कुणालाच खरं वाटत नाहीये, पण मी पाहिलंय.

‘आणखी, आणखी’ असा गलका झाला. मग मी आणखी काहीतरी केलं. ते इथं सांगण्याइतकं महत्त्वाचं नाही.

तात्पर्य, गिटार माझ्याकडे खाऊनपिऊन सुखी आहे, लोकांत मिसळते, तिला मान आहे. क्लबानं पुढच्या समारंभालाही बोलावलंय, आणि जज्जसाहेब मोज्यासकट येणार आहेत. तिला भिंतीवर टांगणं म्हणजे तरण्याताठ्या माणसाला पेन्शनीत काढणं. तुमच्यासारख्या एकट्यानं चोराला भिडलेल्या वाघाला मी पामरानं काय सांगावं? तुम्ही द्याल तो निकाल शिरसावंद्य. मामींना नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे),
भाचा

ता. क. ‘आणखी काहीतरी’ काय ते तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. एका पोस्टरवर कधीतरी पाहिलं होतं, म्हणून गिटार तोंडापर्यंत उचलली आणि दातांनी वाजवायला गेलो. पहिला सूर खरोखर निघाला! पण ब्रेकमास्तरांना समोर धोका दिसला. त्यांचा पाय पडला, मोठा ड्रम धडाडला, मी दचकलो, आणि कट्. समोरचा, वरचा, उजवीकडचा. टप्पकन खाचेतून गिटारीच्या पोटात. म्हणून पातळ जेवण, आणि म्हणून फोन नाही. ‘स’ म्हणायला गेलं की नुसती हवा जाते. पण मी गाणं पुरं केलं.

ता. क. दुसरा. नर्सबाई म्हणाली, दात लगेच काढून दुधात ठेव, बसवता येतो कधी कधी. मालकीणबाईंच्या हँगरची तार वाकवली, गिटार उलटी केली (तुमची आज्ञा मोडून), आणि दात काढला. पेल्यात दूध, दुधात दात, तसंच दंतवैद्यांकडे. त्यांनी तो चिमट्यात धरून उजेडात फिरवला, माझ्या तोंडाजवळ नेला, परत फिरवला आणि म्हणाले, “अहो, हा तुमचा नाही. हा वयानं तुमच्यापेक्षा मोठा आहे.” घरी येऊन गिटार पुन्हा हलवली. आत आणखी एक होता. तो माझा, पण तोवर उशीर झाला होता.

मामा, मी फार शिकलेलो नाही. पण ही गिटार तुम्ही कोरी घेतलीत आणि तुमच्या हातून ती थेट माझ्या हातात आली. मधल्या काळात चोरानं ती वाजवायला घेतली असेल, असं म्हणणं मला जरा जड जातंय. मी कुणाला काही बोललेलो नाही. फक्त मनात आलं, तुमच्या ड्रमवाल्यानं काय केलं होतं?

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच. येत्या रविवारी आई इकडे येतेय. ती दार उघडल्या उघडल्या आधी माझं तोंड बघणार. तिला दातांनी गिटार वाजवल्याचं सांगितलं तर ती मला त्याच गाडीनं घरी नेईल आणि गिटार स्वतः हॉटेलात नेऊन टांगेल. म्हणून विनंती अशी, की तुमचा तो चोर मला एका रविवारापुरता द्याल का? कांब असू दे तुमच्याकडेच, मी नुसत्या मुठीवर भागवीन. जिना माझ्याकडे आहे. आईनं तुम्हाला विचारलं तर ‘आपल्या घराण्यात हे चालायचंच’ एवढं म्हणा, म्हणजे झालं.

दोन्ही दात मी परत तिच्या पोटात टाकलेत. हॉटेलवाल्या मित्राला काय कळवायचं ते तुम्ही बघा, पण टांगण्याआधी तो ती एकदा हलवणार, आणि विचारणार. इथं मात्र कुणी विचारत नाही. संथ चालीत दोघं बरोबर वाजतात. चाल जलद झाली की तुमचा जरा मागे राहतो.