सर्जेरावांची चालू जीप

जळोची, बारामती
ता. ६ ऑक्टोबर २०२४

ती. नूरआपा यांस,
धाकट्या परवेजचा सलाम वि. वि.

पत्रारंभीच एक गाऱ्हाणं नोंदवतो. पाकिटावर माझ्या नावापुढं ‘संस्कृतवाले’ असं लिहिण्याची तुझी सवय आता जाचक झाली आहे. आमच्या भागात नवा पोस्टमन आलाय. त्यानं काल पत्र हातात दिलं आणि बहिणीच्या साखरपुड्यासाठी मुहूर्त विचारला. माझं नाव परवेज आहे, याकडे मी त्याचं लक्ष वेधलं; तर म्हणाला, असू द्या की सर, शास्त्र तर तेच ना. शेवटी शाळेला सुट्टी असेल तो दिवस उत्तम, असं सांगून त्याची बोळवण केली. या अधर्माची जबाबदारी सर्वस्वी तुझी.

दुसरा विषय जीपचा. वरकुट्यात तुझ्या घरामागं सर्जेरावांची जीप उभी आहे, ती ते विकताहेत. फोनवर म्हणाले, गाडी चालू हाय. आपा, ईदला मी ती पाहिली आहे. चाकं मातीत रुतलेली, तळाच्या भोकातून हरळी वर आलेली आणि मागच्या बाकावर कोंबडी अंड्यांवर बसलेली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, कागदपत्रं चालू आहेत. म्हणजे कागद वर्तमानकाळात आणि गाडी रीतिभूतकाळात : चालत असे.

तरी घ्यावी असं वाटतं. परवीनला विचारलं, तर म्हणाली, जुना नवरा घरात आहे तेवढा पुरे. पण मोटरसायकलवर कंबर साथ देत नाही, म्हणून ईदनंतर मी तुझ्याकडं फिरकलो नाही. जीप दुरुस्त झाली की दर रविवारी येईन, हा शब्द. तोवर ती आहे तिथंच राहील. तुझं मत कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा परवेज


वरकुटे, ता. इंदापूर
१३ ऑक्टोबर

चि. परवेजला आपाची दुवा.

पत्र पावलं. पुढच्या पाकिटावर ‘पंचांगवाले’ लिहिते, म्हंजी तुझं गाऱ्हाणं कायमचं मिटंल.

जीपचं म्हणशील तर ती गाडी न्हाय, खुराडं हाय. मी जाऊन हात लावला, तर दार माझ्या हातात आलं. सर्जेरावांना तोंडावर म्हटलं, आबा, माझ्या भावाला संस्कृत येतंय म्हणून त्याला काय बी इकू नका. ते हसलं आन् म्हणलं, तुमच्या भावानं ईदला मी पुढं केलेला हात बी बघितला न्हाय, तसाच खुर्चीत बसला, मास्तरला लई गुर्मी हाय. त्यावरनं मी त्यांच्याशी भांडले. तरी पण हात का नाही रे घेतलास?

पण रविवारचं तू लिहिलंस, ते मी परत परत वाचलं. माझे मालक, तुझे भाईजान, गेल्यापासनं ह्या घरात माझ्याशी भांडायला कुणी न्हाय. भाजीत मीठ जास्त झालं तरी तसंच खाते, बोलणारं माणूस कुठं हाय? म्हणून इंदापूरच्या फकीरभाई मिस्त्रीला सांगावा धाडलाय. जुन्या जीपा तोच उठवतो. फोनवर तू बरं बरं म्हणून ठेवतोस, म्हणून कागदावर इचारते : गाडी उठली तर घेणार ना?

तब्येतीला जप, आन् आपाला इसरू नको.
नूरजहाँ


जळोची
ता. १९ ऑक्टोबर

ती. आपा यांस, सलाम वि. वि.

फकीरभाईंना बोलावण्याची एवढी घाई का केलीस? गंज म्हणजे लोखंडाचं वार्धक्य. वृद्धांना असं हलवून उठवू नये. शिवाय कोंबडीचा विचार करायला हवा. अंड्यांवर बसलेल्या जीवाला बेघर करून मी दर रविवारी मिरवत यायचं, हे कोणत्या धर्मात बसतं? आपल्या तर नाहीच, पण पोस्टमनच्याही नाही.

सर्जेरावांच्या हाताचं म्हणशील, तर त्या क्षणी मी एका समासाचा विग्रह करत होतो. गुर्मी नव्हे, व्याकरण.

तूर्त ती जीप तशीच असू दे. मी घेणार नाही असं नाही. पण दुरुस्तीला दोनएक वर्षं लागली तरी माझी हरकत नाही.

रागावलीस तरी अर्धं मन माझ्याकडं राहू दे.
तुझा परवेज


वरकुटे
२६ ऑक्टोबर

चि. परवेजला दुवा.

गाडी चालू झाली. कागद न्हाय, गाडी. आधी खोकली, मग काळा धूर सोडला, आन् मग अशी गुरगुरली की सर्जेरावांच्या डोळ्याला पाणी आलं. कोंबडी अंड्यांसकट टोपलीत हलवली हाय, ती मजेत हाय. फकीरभाईनं मला पुढं बसवून ओढ्यापतूर नेऊन आणलं. दार नव्हतं, पण वारं झकास लागलं. रविवारी माझा भाऊ येऊन गाडी चालवत नेणार, असं मी सगळ्या गल्लीला सांगून बसले.

आन् घरी येऊन बघते तर तुझं पत्र. गाडी बंद होती तवा पायजे होती, आता नको. हे कुठलं संस्कृत? तुला हितं यायचंच न्हाय का? तसं असंल तर तसं लिही. मी रडणार न्हाय. पण कोंबडीच्या आड लपू नको, तू काय अंड्यातनं आलेला न्हाईस.

उत्तर धाड. दुसरं काय मागत न्हाय.
आपा


जळोची
ता. ३० ऑक्टोबर

ती. आपा यांस,

यायचं आहे. रविवारी एसटीनं येतो, फाट्यावर न्यायला ये. जीप दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं सर्जेरावांना सांग. आणि त्यांचा हात मी टाळला नव्हता, तो मला दिसलाच नाही.

कंबर ठणठणीत आहे. डोळ्यांतला दाब वाढलाय. समोरचं दिसतं, कडेचं पुसत चाललंय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची आणि कुठलंच वाहन हातात घ्यायचं नाही. परवीनला ठाऊक आहे. तुला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून कधीच चालू होणार नाही अशी एक गाडी शोधली. दुरुस्तीला आहे, एवढं म्हणत काही वर्षं निभली असती. तू भाईजानच्या माघारी एकटी. त्यात माझी काळजी तुझ्या गळ्यात कशाला, असा विचार केला. तो चुकला.

शाळा अजून जमते. एसटीचंही काही वाटत नाही. पण आता वाचताना ओळीच्या शेवटचा शब्द हरवतो, मान वळवून शोधावा लागतो. मला भीती एकाच गोष्टीची वाटते. एक दिवस तुझं पत्र येईल, आणि ते मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावं लागेल.

तुझा
परवेज