पक्ष्यांचा तालुका आणि एक कावळा

डोंबिवली, मंगळवार संध्याकाळ

आज बाबांचा दहावा झाला, शहाडला नदीवर. बाबांना मुलगा नाही, म्हणून विधी चुलतभाऊ सुनीलने केले. मी मागे बायकांत उभी.

कावळा पिंडाला शिवेना. मग एकेक जण बाबांना शब्द देऊ लागला. आत्या म्हणाली, "दादा, पोरीची काळजी करू नको रे, आम्ही आहोत." कावळा फांदीवरच. सुनील पुढे झाला. "काका, सरकारने आपल्या तालुक्याला 'पक्ष्यांचा तालुका' जाहीर केलंय. तुमच्या गावच्या माळावर पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधतो, तुमचंच नाव देतो!" आणि कावळा झपकन उतरला.

"बघ, हेच होतं गं त्याच्या मनात," आत्या रडत म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. माळ बाबांनी माझ्या नावावर केलाय, हे कोणीच बोललं नाही. टिटवी तिथे जमिनीवर अंडी घालते, म्हणून बाबा गुरंसुद्धा सोडत नसत. तिथे खोल्या?

बोलताना सुनीलने मूठ उघडली, ते मी पाहिलं. नंतर पिंडाजवळ पिवळी शेव पडलेली होती. दहाव्याला शेव कोण आणतं? की दुःखात मला भलतंच दिसतंय? पण शेव होती. नक्की होती.

आणि तो बोलत असताना मीही मनात म्हणत होते, "बाबा, माळ आहे तसाच ठेवीन." कावळा माझ्या शब्दालाही उतरला असेल. ते कोण सांगणार?

उद्या सुनील माळाच्या कागदांवर माझी सही घ्यायला येतोय. शेवेचं विचारणार नाही. 'नाही' मात्र म्हणणार. मोठ्याने, आत्यासमोर.