उभ्या गाडीचं डिझेल

३ मार्च, सकाळी दहा.
रंगकंपनीचं पत्र. अकरा वर्षं त्यांचे डबे मी वाहतोय आणि आता म्हणे पर्यावरण! अर्ज करणाऱ्या प्रत्येक फर्मच्या सगळ्या गाड्यांना महिनाभर इंजिनाची नोंद ठेवणारं यंत्र लावणार. उभ्या गाडीचं इंजिन ज्याच्याकडे कमी चालेल, कॉन्ट्रॅक्ट त्याचं. साडूनेही अर्ज भरलाय. काल धंद्यात आलेला माणूस! कॉन्ट्रॅक्ट गेलं तर माझे बारा ट्रक नुसते उभे राहतील.

संकल्प : साडूला चारी मुंड्या चीत करणे.

५ मार्च.
यंत्रं बसली. बारा ट्रक, शिवाय माझी कार. ती फर्मच्या नावावर आहे, टॅक्स वाचतो. आयडिया माझीच.

ड्रायव्हरांना दम भरला : गोदामाबाहेर रांगेत इंजिन बंद, नाहीतर घरी बसा. सगळ्यात जुना ड्रायव्हर म्हणाला, केबिनमध्ये भाजून निघतो, निदान पंखा द्या. म्हटलं, पंखा कशाला, सोफाच देतो! कुणी हसलं नाही. नमकहराम लेकाचे.

९ मार्च.
बायको सांगत होती, साडूने प्रत्येक केबिनमध्ये बॅटरीवरचा पंखा लावलाय. बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक करायला हिला निमित्तच लागत नाही. अगं, पंख्याने धंदा होतो का? धाकाने होतो.

उद्यापासून स्वतः पाळत ठेवणार.

१० मार्च, दुपारी दोन.
गोदामासमोर कारमध्ये बसलोय. काचा बंद, एसी फुल. एकही चोर सापडला नाही. म्हणजे लपून करतायत.

१६ मार्च.
रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मालकानेच एवढं झिजायचं! आज जुन्या ड्रायव्हरने काचेवर टकटक केली. म्हणाला, साहेब, जरा गाडी बंद करा. मला शिकवतो! तिथल्या तिथे काढून टाकला.

एसीत डोकं थंड राहतं, निर्णय पटापट होतात.

२ एप्रिल.
निकाल. कंपनीच्या बाई म्हणाल्या, तुमचे ट्रक साडूंच्यापेक्षाही सरस, पण एका गाडीने घात केला. रोज नऊ तास उभी आणि इंजिन चालू. मी टेबलावर हात आपटला. नंबर सांगा, त्या हरामखोराला आजच हाकलतो!

त्यांनी नंबर सांगितला. मी लिहूनही घेतला. मग वाचला.

४ एप्रिल.
साडूचा फोन. जुना ड्रायव्हर आता त्याच्याकडे आहे. माझे बाराही ट्रक भाड्याने घेतो म्हणाला, पंखे तो बसवेल. हो म्हटलं. करतो काय?

कार मात्र नको म्हणाला.