डोरोथी मॅपलचे गाव

मी, इग्नातिउस गुनादी विरास्मोरो, वय एकसष्ट, राहणार सालातिगा, मध्य जावा, धंदा तासाच्या भाड्याने व्हिडिओ गेम खेळू देण्याचा (दुकान बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांना माझ्या हृदयाच्या झडपेची काळजी वाटते, डोक्याची वाटत नाही. तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फसवलेले नाही. फसवले ते गेम कंपन्यांनी, पण त्यामुळे माझ्या बुद्धीत बिघाड झालेला नाही. स्वभावात झाला असेल.

कलम १. माझे स्वकष्टार्जित घर आणि त्याच्या पुढच्या खोलीतले दुकान माझा एकुलता एक मुलगा ब्रामान्त्यो याला मिळावे. तो जकार्तात राहतो, त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. घेणाऱ्याला एवढेच सांगावे की भिंतीवरचा तेलकट पट्टा रंग देऊन जात नाही. वीस वर्षे पोरे तिथे पाठ टेकून आपली पाळी यायची वाट बघत बसली आणि माझी बायको रेत्नो त्यांना आतून गरम टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळून द्यायची. तिला जाऊन तीन वर्षे झाली.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून अंत्यविधीचा खर्च करून उरेल ते आमच्या चर्चच्या दवाखान्याला द्यावे. माझ्या पेटीत गेमचा कंट्रोलर ठेवू नये. कुंचोरो ही गंमत करणार याची मला खात्री आहे, म्हणून लिहून ठेवतो.

कलम ३. वर उल्लेखलेला कुंचोरो माझा जुना भागीदार. दुकानातली सगळी जुनी यंत्रे, डिस्का आणि दुरुस्तीची हत्यारे त्याला द्यावीत. आमचे भांडण साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. त्याने प्रत्येक यंत्रात चिप बसवून नकली डिस्का चालवल्या आणि मी हट्टाने अस्सल आणत राहिलो.

"मास गुन, नाकानं कांदे सोलू नकोस," तो म्हणायचा. (मास ही आमच्याकडची आपुलकीची हाक.) "तुझ्या एका डिस्कच्या पैशात माझ्या टोपलीभर येतात. पोरांना काय सांगू, घरी जा रे, कंपनीला वाईट वाटेल?"

"अरे, उद्या कंपनीच विचारेल, तुम्ही कधी विकत घेतलंत का म्हणून!"

"कंपनीला आधी सालातिगा नकाशात दाखवता येतं का विचार."

त्याचे बरोबर होते. हे त्याने माझ्या पश्चात वाचावे. मी असताना वाचून दाखवू नये, तो आठवडाभर हसत बसेल.

कलम ४. मते वारसांत वाटता येत नाहीत, असे नोटरीबाई इबू प्रामेस्ती यांनी सांगितले. लिहायला बंदी नाही, म्हणून लिहितो. पूर्वी यंत्र जुने झाले की स्वस्त व्हायचे. गरिबाने दोन वर्षे कळ काढली की त्यालाही ते परवडायचे. आता पाच वर्षांचे यंत्र पहिल्या दिवसापेक्षा महाग विकतात आणि वर डिस्क घालायचा भाग वेगळा विकतात. खोके उघडावे तर आत डिस्क नाही, आकड्यांची चिठ्ठी. गेम अर्धाकच्चा, पैसे मात्र पूर्ण. कंट्रोलरची डावी दांडी वर्षभरात सैल पडते आणि तुमचा शूर योद्धा आपण होऊन दरीत चालत जातो. न झिजणारी दांडी बनवता येते, मी स्वतः बसवून पाहिली आहे. पण ती बसवली तर दुसरा कंट्रोलर कोण घेणार?

आणि या सगळ्याहून नीच म्हणजे फोनवरचे ते फुकट गेम. बंद पेटी विकत घ्या, आत काय निघेल ते तुमचे नशीब. शाळेतल्या पोरांना जुगार शिकवायचा आणि त्याला खेळ म्हणायचे. माझा मुलगा तसल्याच एका कंपनीत नोकरीला लागला.

"बापाक, खेळ फुकट आहे. कोणी जबरदस्ती करतं का?"

"मग तुझा पगार कुठून येतो? आभाळातून पडतो?"

हे रेत्नो गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला, आलेल्या पाहुण्यांसमोर झाले. तेव्हापासून तो नाताळला फोन करतो आणि तब्येत विचारतो, तेवढेच.

कलम ५. आता मुख्य वस्तू. झोपायच्या खोलीतल्या टीव्हीखाली काळे यंत्र आहे. त्यात रेत्नोचे गाव आहे.

ते तिने एका गेममध्ये वसवले. झाडे लावायची, घरे बांधायची, एवढाच तो गेम. तिने त्यात आमची गल्ली बांधली, चर्च बांधले, दुकान बांधले, दुकानापुढचे बाकडेही ठेवले. शेवटच्या वर्षी तिला बाहेर पडवत नव्हते, तेव्हा ती रोज तिथेच फिरायला जायची. "मास, बाजारात जाऊन येते, काही हवंय का?" असे मला पलंगावरून विचारायची. मी म्हणायचो, मिरच्या आण. गेममध्ये मिरच्या नव्हत्या. मग तिने भोपळ्याच्या वेलाला मिरच्या म्हणायचे ठरवले.

हा गेम डिस्कवर नाही, खात्यावर आहे. आणि खाते डोरोथी मॅपल या बाईच्या नावावर आहे, राहणार ओहायो. अशी बाई जगात नाही. तेव्हा आमच्या देशासाठी कंपनीचे दुकानच उघडलेले नव्हते, म्हणून इथला प्रत्येक जण परदेशी नावाने खाते काढायचा. रेत्नोने नाव बिस्किटाच्या डब्यावरून घेतले आणि पत्ता कुठल्याशा हॉटेलचा दिला. पैसे मात्र आमचे होते, ते कंपनीने कधी नाकारले नाहीत.

ती गेल्यावर मी कंपनीला लिहिले, खाते माझ्या नावावर करा. उत्तर आले की खातेदार डोरोथी मॅपल यांचे ओळखपत्र पाठवावे. मी खरे काय ते कळवले. त्यावर उत्तर आले की खाते खोट्या नावाचे असल्याने बंद करण्यात येत आहे, आणि तसेही खाते वारसाकडे जात नाही, आपल्या दुःखाबद्दल दिलगीर आहोत. वीस वर्षे अस्सल माल घेणारा मी, मला वरच्या ओळीत खोटारडा म्हटले आणि खालच्या ओळीत दिलगिरी! ते पत्र मी इबू प्रामेस्तींना दाखवले. त्या म्हणाल्या, "पाक गुनादी, गेम तुमच्या मालकीचा कधी नव्हताच. वापरायची परवानगी होती. जे तुमचं नाही ते मी मृत्युपत्रात कसं घालू?"

पत्र येण्याआधीच मी यंत्राची इंटरनेटची तार काढली होती, म्हणून गाव अजून उघडते. तार जोडली की यंत्र कंपनीला विचारेल आणि ते जाईल. आतल्या घड्याळाची छोटी बॅटरी संपली तरी यंत्र कंपनीची परवानगी मागेल आणि ते जाईल. ती यंत्र चालू ठेवून कशी बदलायची हे कुंचोरोला येते, म्हणून यंत्र त्याला द्यायचे मी ठरवले होते.

कलम ६. वरील निर्णय आज सकाळी बदलला आहे. मसुदा वाचून दाखवायला मी ब्रामला फोन केला. वारसाला अंधारात ठेवायचे नव्हते, शिवाय कलम ४ त्याने ऐकावे अशी माझी इच्छा होती. ते त्याने निमूट ऐकले. मग मी कलम ५ वाचले.

"बापाक, तसली पत्रं आमच्या कंपनीत मी लिहितो," तो म्हणाला.

"कसली?"

"गेलेल्या माणसांच्या खात्यांची. मजकूर ठरलेला असतो, मी फक्त नाव घालतो. गेल्या महिन्यात माकासारची एक बाई होती. मुलगा अपघातात गेला. तिला खातं नको होतं, त्यानं खेळात मित्रांशी लिहून जे बोलणं केलं तेवढं एकदा वाचायचं होतं. मी दिलगीर आहोत म्हणून पाठवून दिलं आणि जेवायला गेलो."

"ते बोलणं आहे अजून?"

"आहे. नव्वद दिवसांनी पुसतात."

"मग?"

"नियम आहे, बापाक. नोकरी जाईल माझी."

तो रडत होता. आईच्या वेळी पाहुण्यांसमोर रडला नव्हता. माझा राग गेलेला नाही, हे नोंदवतो. पण असली पत्रे लिहिणाऱ्या ज्या माणसाचे तोंड मला एकदा बघायचे होते, ते माझ्याच घरात वाढले, माझ्याच दुकानात बोटे चालवायला शिकले.

म्हणून काळे यंत्र ब्रामान्त्योला द्यावे, एका अटीवर. माकासारच्या त्या बाईला तिच्या मुलाचे बोलणे पुसले जाण्याआधी पोचले पाहिजे. ते त्याने कसे पोचवायचे हे मी सांगत नाही. नोकरी गेली तर राहायला कलम १ मधले घर आहे. अट पाळली नाही तर कुंचोरोने यंत्राला तार जोडावी आणि त्याच्यासमोर चालू करावे. आईचे गाव कसे पुसले जाते ते त्याने स्वतः बसून बघावे.

ही अट कोर्टात टिकणार नाही, असे इबू प्रामेस्ती म्हणतात. मी ती कोर्टासाठी लिहिलेली नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजला, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) इग्नातिउस गुनादी विरास्मोरो

साक्षीदार: १. युलियाना सार्मिनी, शेजारीण. २. लोदेविक हार्जोको, चर्चचे कारभारी. कुंचोरोला सही करायची होती, पण मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. तो बाहेर बाकड्यावर बसून आहे.

सालातिगा, १४ ऑगस्ट २०२५

सहीनंतर जोडलेली नोंद, त्याच दिवशी दुपारी, त्याच साक्षीदारांसमोर: ब्रामचा फोन आला. त्याने ते बोलणे त्या बाईला पाठवले आहे. कलम ६ मधली अट रद्द समजावी. नोकरीचे काय झाले ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. तो रात्रीच्या बसने इकडे यायला निघतो आहे.

(सही) इ. गुनादी वि.